गार पडलेली पेटी

ऐंशीच्या दशकात चेंबूरच्या एका प्रयोगशाळेत मी वायरिंग करत होतो. पेशी वाढवायच्या उबदार पेटीचा कामासाठी बंद केलेला स्विच शनिवारी पुन्हा चालू करायला विसरलो. सोमवारी लवकर जाऊन गुपचूप लावला. तेवढ्यात कर्करोगावर संशोधन करणाऱ्या बाई आल्या. सवयीने त्यांनी पेटीला तळहात टेकवला.

“गार कशी?”

“काल लाईट गेली असेल, मॅडम.”

सूक्ष्मदर्शकावरून त्यांनी बऱ्याच वेळाने मान वर केली.

“सगळ्या मेल्या. ज्या पेशंटच्या गाठीतल्या होत्या, त्या बाई कधीच वारल्या. पेशी मात्र इथे रोज एकीच्या दोन होत होत्या. आता पुन्हा कुठून आणू?”

मी खाली बघत होतो.

“अहो, तुमचा काय दोष?” म्हणत त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं, चहा मागवला.

खरं सांगायला भरपूर वेळ होता. मी नुसता चहावर फुंकर घालत राहिलो.