दोन पक्षांचा एक गळा

लोहाऱ्यात मयताची खबर असो, कापडाचा सेल असो की कुणाची चुकलेली शेळी, ती गावाला कळायची रेवणप्पांच्या गळ्यातून. ऑटोवर भोंगा, मागच्या सीटवर मशीन आणि हातात माईक, एवढ्यावर त्यांचा संसार उभा होता. रेकॉर्डिंग त्यांना मान्य नव्हतं. "मशीन चुकली तर माफी मागत न्हाय," असं ते म्हणायचे. भोंग्यावर मराठीत पुकारायचे, कर्नाटकाच्या अंगाच्या गावात गेले की कन्नडमध्ये, आणि घरी कुठल्याच भाषेत फारसं बोलायचे नाहीत. बायको शिवलीला जेवणानंतर ज्येष्ठमधाचं पाणी पुढ्यात ठेवायची. ते पिऊन मान हलवली की समजायचं, स्वयंपाक आवडला.

त्या उन्हाळ्यात तालुक्यात नशेच्या पांढऱ्या पुड्या सापडल्या आणि राजकारण पेटलं. एका पक्षाचे पुढारी अमरसिंह भैय्या म्हणाले, पुड्या विकणाऱ्या टोळीला दुसऱ्या पक्षाच्या शिवशरण अण्णांचं अभय आहे. अण्णा म्हणाले, त्या टोळीतली निम्मी पोरं भैय्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभी आहेत. दोघांनी सभा लावल्या, मोर्चे काढले, आणि पुकारायला दोघांनीही बोलावलं ते रेवणप्पांनाच, कारण दुसरा होताच कोण.

सकाळची पाळी भैय्यांची. रेवणप्पा ऑटोला भैय्यांचं कापड बांधून पेठेतून फिरायचे. "तरुण पिढी नासवणाऱ्यांचे पाठीराखे कोण, हे जनतेला ठाऊक आहे." दुपारी जेवून थोडं पडायचे, कापड बदलायचे आणि चारला त्याच पेठेत अण्णांकडून उत्तर द्यायचे. "सकाळी भाडोत्री भोंगे वाजवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात डोकावावं." भाडोत्री भोंगा म्हणताना त्यांचा आवाज असा काही चढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं त्या सकाळच्या माणसाशी जुनं वैर आहे.

"अप्पा, सकाळच्या मानसाला लई लावून बोलला तुमी," चहावाला ईरण्णा एकदा म्हणाला.

"सुरुवात त्यानं केली," रेवणप्पा बशीत चहा ओतत म्हणाले.

दोन्ही पाळ्यांचा शेवट मात्र एकच असायचा. "टोळीची सगळी नावं आमच्याकडं आहेत. योग्य वेळी जाहीर करू."

एका बाजारच्या दिवशी एसटी स्टँडसमोर बांगड्या विकणारी तुळजाबाई ऑटोला आडवी आली. वयानं उतरलेली, अंगानं काटक, आणि ऑटो थांबल्याशिवाय हलायची नाही असं तोंडावर स्पष्ट लिहिलेलं.

"अप्पा, नावं सांगा."

"कुनाची, मावशी?"

"काल सकाळी म्हनला नावं हायत, सांजच्याला बी म्हनला. दोन्ही येळा तुमीच. मग सांगा की."

रेवणप्पांनी माईक बंद केला. "मावशी, माजा नुसता गळा हाय. नावं त्यांच्यापाशी."

मग तुळजाबाईनं तिथंच भर रस्त्यात सांगितलं. तिचा जावई युवराज गावोगावी प्रवासी नेणारी वडापची जीप चालवायचा. पुडीच्या नादाला लागला. आधी जीपची स्टेपनी गेली, मग टेप, मग लेक शिवांजलीच्या रुखवतातला मिक्सर. "आता घरात इकायजोगी शिवांजलीच उरली," ती म्हणाली, आणि बोलणं तोडून ऑटोत चढली. मशीन बाजूला सारून बसली. "चला तुमच्या मालकाकडं."

भैय्यांनी उठून हात जोडले. मावशीला खुर्ची दिली, थंड दिलं. नावं आहेत, पण ती वर दिली आहेत, असं सांगताना त्यांनी छताच्या पंख्याकडं बोट केलं. तुळजाबाईनंही पंख्याकडं पाहिलं. बाकी पुरावे अण्णांनी दाबून ठेवलेत, त्यांना विचारा, असंही म्हणाले.

अण्णांनी चहा दिला. "आमच्याकडं जी नावं आहेत," ते विचार करत म्हणाले, "ती भैय्याकडं जी नावं आहेत, ती कुणी लपवली त्यांची आहेत."

"मंजी पुडी इकनाऱ्याची न्हाईत."

"तीही येतील. योग्य वेळी."

"ती कवा येनार?"

अण्णांनी आपल्या माणसाकडं पाहिलं. तो भाबडा होता. "आचारसंहितेच्या आधी आठ दिवस," तो म्हणाला, आणि अण्णांना ठसका लागला.

शेवटी दोघं ठाण्यात गेली. साहेब नवे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, दोघांचीही भाषणं मी ऐकतो. पण नावं घेऊन इथं अजून कुणी आलेलं नाही. तुम्ही आणा, मी आज बघतो."

ऑटो परत बाजाराशी आली तेव्हा बाजार भरात होता. तुळजाबाईनं बाजूला सारलेल्या मशीनकडं पाहिलं. मग म्हणाली, "अप्पा, चुकलेली शेळी पुकारता न्हवं?"

"व्हय."

"मग ही नावं पुकारा. चुकलीत म्हना."

रेवणप्पांनी मनात हिशेब केला. आता सकाळची पाळी हातची जाणार, संध्याकाळचीही जाणार, आणि निवडणूक तोंडावर. शिवलीला काय म्हणेल, हेही डोक्यात येऊन गेलं. त्यांनी माईक हातात घेतला, खाली ठेवला, परत घेऊन चालू केला. घसा खाकरल्याचाच आवाज भोंग्यातून एवढा मोठा आला की निम्मा बाजार आपोआप वळून बघायला लागला. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

"ऐका हो ऐका. लोहारा तालुक्यातून पुडी विकणाऱ्यांची नावं चुकलेली आहेत. काल सकाळी ती भैय्यांकडं होती, संध्याकाळी अण्णांकडं होती. आत्ता विचारलं तर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. ठाण्यात ती पोचलेली नाहीत. कुणाला आढळली तर स्टँडसमोर बांगडीवाल्या तुळजाबाईंकडं आणून द्यावीत."

बाजार हसून लोटपोट झाला. "रंग कसा हाय नावांचा?" एक कांदेवाला ओरडला. "शिंगं हायत का?" दुसऱ्यानं विचारलं. रेवणप्पांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मनचं काहीतरी पुकारलं होतं.

हसणं ओसरलं तसं एक मेथीवाली बाई तुळजाबाईपाशी येऊन उभी राहिली. "माज्या घरी बी एक हाय पुडीच्या नादाला," ती हळूच म्हणाली. मग आणखी एक आली. मग वडापवाले आले. दिवस मावळेपर्यंत बांगड्यांच्या दुकानापुढं दाटी झाली आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली. स्टँडमागं एक पंक्चरचं दुकान होतं. तिथं दिवसभर गाड्या थांबायच्या, आणि एकाही गाडीचं चाक कधी निघायचं नाही.

बायांचा घोळकाच ठाण्यात गेला. साहेब शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी दुकानदार धरला, त्याच्यामागोमाग त्याला माल पोचवणारे दोघं.

त्या सकाळपर्यंत दोन्ही पक्षांचे फोन येत होते, ते रेवणप्पांना शिव्या घालायला. दुपारनंतर सूर पालटला. भैय्यांना पुकारून हवं होतं की ही कारवाई त्यांच्या पाठपुराव्यामुळं झाली. अण्णांनाही अगदी तेच हवं होतं. शिवलीलानं फोन उचलून दोघांनाही सांगितलं, "त्यांचा घसा बसलाय." रेवणप्पा शेजारीच बसून कडक भाकरी ठेच्याशी खात होते. घसा चांगला चालला होता.

टोळीचा वरचा माणूस कोण, ते काही कळलं नाही. त्यावर भैय्या आणि अण्णांची भाषणं अजून चालू आहेत. त्यांनी आता लातूरहून रेकॉर्डिंग करून आणलंय.

युवराजला तुळजाबाई स्वतः सोलापूरला दवाखान्यात घेऊन गेली. एसटीत त्याला खिडकीला बसवलं आणि आपण कडेला बसली, म्हणजे मधल्या स्टँडवर त्याला उतरताच येऊ नये. तो वाळून परत आला, एकदा घसरला, सासूनं परत नेला. आता वडाप चालवतो. पुढच्या सीटवर तुळजाबाई बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसते आणि तिच्याकडं भाडं मागायची त्याची छाती होत नाही.

परवा स्टँडवर तो रेवणप्पांजवळ आला. मान खाली घालून म्हणाला, "अप्पा, त्या दिवशी भोंग्यावर माजं नाव न्हाय घेतलं तुमी."

"तुज्या सासूनं इकनाऱ्याचं नाव मागितलं हुतं," रेवणप्पा म्हणाले. "तुजं तिच्यापाशी हुतंच."

आणि चादरींच्या सेलचं पुकारायचं होतं, म्हणून ते ऑटो वळवून पेठेत शिरले.