प्रश्नावलीत न सांगितलेलं नाव

“ट्यूबरक्युलॉसिस,” एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले. “म्हणजे क्षय. उजव्या फुप्फुसात कॅव्हिटी आहे, पोकळी पडलीय. बरे व्हाल, पण औषध मध्येच सोडायचं नाही.” मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दत्तूकडे वळले. “हे कोण तुमचे?”

“दुकानातला कारागीर हाय,” मी म्हणालो.

दुष्काळाचं साल होतं. मी तिसगावचा शिंपी, वय चौतीस, बिनलग्नाचा. दत्तू आणि मी नऊ वर्षं दुकानामागच्या खोलीत राहत होतो, नवरा-बायको राहतात तसे. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

नगरच्या दवाखान्यात तीन महिने काढले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्यानं कान वाजायचे, चालताना झोक जायचा. दत्तूनं दुकानाला कुलूप लावून व्हरांड्यात पथारी टाकली. माझी थुंकीची वाटी तोच धुवायचा. औषधानं उलटी झाली की कपाळ धरायचा. आई एकदाच आली. पदर नाकाला लावून दारातच रडली आणि दुपारच्या एस.टी.नं परत गेली. तिला दोष देत नाही. या रोगाची भीतीच तशी होती.

दुसऱ्या महिन्यात पुण्याहून मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी आली. मोठ्या आजारात माणसाचं मॉराल, म्हणजे मनाची उभारी, किती टिकते ते तिला मोजायचं होतं. प्रत्येक उत्तराला गुण.

“मनातलं कोणापाशी बोलता?” तिनं विचारलं.

दत्तू माझ्या पायांना तेल चोळत होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता.

“आईपाशी,” मी म्हणालो.

दत्तूचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

तिनं बेरीज केली. “तुमचं मॉराल या वॉर्डात सगळ्यांत चांगलं आहे. आईची माया!”

“व्हय ताई,” दत्तूच म्हणाला. “माय लई जीव लावती.”

माझं खोटं त्यानं स्वतः सावरून घेतलं. ती गेल्यावर मी म्हणालो, “चुकलो रे.”

“कागदावर नाव यावं म्हनून आलोय व्हय मी?” तो म्हणाला. “आदी बरा हो.”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वॉर्डाच्या दारावरून गेली. हाक मारता आली असती. मारली नाही.

सुट्टी देताना डॉक्टरांनी विचारलं, “वर्षभर गोळ्या घ्यायच्या आहेत. घरी लक्ष कोण ठेवणार?”

“दत्तू ठेवंल. आमी एकाच घरात राहतो.” डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. गोळ्या त्याला समजावून दिल्या.

मी खडखडीत बरा झालो. तुमच्यापैकी कोणी आज असंच खाटेवर असेल, तर एवढंच सांगतो: उशाशी बसलेल्या माणसाचं नाव घेता येत नसेल, तर निदान त्याच्या जागी दुसऱ्याचं घेऊ नका. त्या कागदावर मी धीराचा ठरलो. धीर दत्तूचा होता, आणि त्याला कोणी काही विचारलंच नाही.