डोळे-ड्यूटी

रविवारची उपासना सुटली की आमच्या चर्चच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, चहा असतो. चहा संपतो, पण माणसं काही हलत नाहीत. कोणीतरी म्हणतो, "अबे, त्या कॅम्पात आठवते का?" आणि मग संपलंच! घरी भात थंड होऊन राह्यला असतो आणि इथे आम्ही टाकीला टेकून हसून राह्यलो असतो. आमचा तरुण संघ अकरा वर्षांपासून दर हिवाळ्यात सिंदेवाहीकडच्या एका गावाजवळ, जंगलाच्या कडेला, तीन दिवस कॅम्पला जातो. अकरा वर्षांचे किस्से म्हणजे माझ्या कॅम्पच्या भांड्यांची पेटी. एक चमचा काढायला जावं तर चार झारे बाहेर येतात.

मी शीला. कॅम्पचा स्वयंपाक माझ्याकडे, औषधाचा डब्बा माझ्याकडे, आणि पोट्ट्यांना रागावणंही माझ्याचकडे. चंद्रपुरात मी शिलाईकाम करते. दिवसभर मशीनवर मान खाली आणि समोर भिंत. त्या तीन दिवसांत मात्र वीस-पंचवीस पोरंपोरी "शीलाताई, शीलाताई" करत मागे-मागे फिरतात. वर्षभर मी त्याच तीन दिवसांची वाट पाहते. यात लाजायचं काय?

आणि तोच कॅम्प बंद करायला निघाले होते आमचे दानियलकाका!

दानियलकाका म्हणजे चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. भद्रावतीला कारखान्यात पस्तीस वर्षं सेफ्टीचं काम करून रिटायर झालेले. घरचा बल्ब बदलायचा असला तरी काकूंना स्टूल धरून उभं करतात. त्यांची एक निळी फाइल आहे. कॅम्पातली प्रत्येक गडबड तिच्यात लिहिलेली. दरवर्षी मीटिंगमध्ये फाइल उघडायची आणि म्हणायचं, "बायबल अभ्यासच करायचा ना? मग आपला हॉल काय वाईट आहे? पंखे आहेत, संडास आहे, वाघ नाही!"

आता या तिसऱ्या मुद्द्यावर माणूस काय बोलणार?

तर त्या फाइलीत काय काय होतं, ते ऐका.

*

पहिल्या पानावर रोशन. हा आमचा सगळ्यात दणकट गडी, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. सकाळी उठल्यावर प्रत्येकानं एकेका झाडाखाली बायबल घेऊन अर्धा तास शांत बसायचं, मनन करायचं, असा आमच्या पास्टरांचा नियम. रोशननं सागाचं मोठं झाड धरलं आणि बसला टेकून.

दहा मिनिटांनी पाहतो तर काय, रोशन दोन्ही हात वर करून नाचून राह्यला! उड्या मारतो, अंगाला झटके देतो, डोळ्यांतून पाणी! आमचे पास्टर तर गहिवरले. चार वर्षांपासून या पोराच्या तोंडून एक "आमेन" निघाला नव्हता. टाळ्या वाजवत धावले, "हालेलूया! रोशन, आत्मा आला! येऊ दे, अडवू नको!"

रोशन ओरडला, "पास्टर, आत्मा नाई, मुंग्या हायेत! शर्ट काढा ना माझा!"

*

पास्टरांची शिकवण फार मनाला लागते, हा त्यांचा दोष नाही. एका वर्षी त्यांनी हरवलेल्या मेंढराचा पाठ घेतला. नव्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ एका हरवलेल्यामागे जातो, तो. असा काही रंगवून सांगितला, की मी भाजी ढवळता ढवळता डोळे पुसले.

दुपारी गावच्या पांदणीनं सगळे फिरायला निघाले. एका ठिकाणी मोजणी केली तर बेंजामिन कमी! पास्टर म्हणाले, "थांबा, मी पाहतो." पण ऐकतो कोण? सकाळचा पाठ डोक्यात ताजा होता. बावीसच्या बावीस जणं चहूबाजूंना "बेंजामिन! बेंजामिन!" करत पांगले. पास्टर एकटे, भोवती बावीस बॅगा.

तेवढ्यात पास्टरांच्या डोक्यावरच्या झाडातून आवाज आला, "पास्टर, टेंभरं खाता का? मस्त गोड हायेत."

एक मेंढरू झाडावर सापडलं. बाकीची बावीस गोळा करायला संध्याकाळ झाली, आणि त्यातली सहा तर शेजारच्या गावात एका लग्नाच्या पंगतीत जेवताना भेटली. रात्रीच्या जेवणाआधी पास्टर पहिल्यांदाच चिडले. "मेंढपाळ एकटा जातो! नव्याण्णव मेंढरं जागेवर बसून राहतात! हे कोणी वाचलंच नाही का?"

*

आता सोमाभाऊंबद्दल सांगायलाच हवं. सोमाभाऊ त्या गावचे. तळ्यात मासे धरणं हा त्यांचा घरचा धंदा, आणि जंगलाची वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून ते आमच्यासोबत असतात. देव त्यांचे वेगळे, पण अभ्यासाला मागे बसून सगळं ऐकतात.

एकदा पास्टरांनी तराफ्याचा कार्यक्रम ठेवला. रिकामे ड्रम, बांबू, दोरी. तराफ्यावर बसून वादळाचा पाठ घ्यायचा. गाठी बांधायचं काम रोशनकडे होतं, यातच काय ते समजा. तळ्यात वीस हात गेले नाही तर ड्रम एकीकडे, बांबू एकीकडे आणि पास्टर पाण्यात! पास्टरांना पोहता येत नाही. दोन्ही हात वर करून मोठ्यानं प्रार्थना सुरू. काठावर पोरी रडायला लागल्या. मी तर पदर खोचून निघालेच.

सोमाभाऊ तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसून जाळं सोडवत होते. तिथूनच म्हणाले, "पास्टरभाऊ, उभे राहा ना. कमरेइतकंच पानी हाय."

पास्टर उभे राहिले. आणि उभे राहूनही "आमेन" म्हटल्याशिवाय बाहेर आले नाहीत!

*

याच सोमाभाऊंनी एकदा पास्टरांच्या पाठात शंका काढली. पाठ होता शिष्यांच्या मासेमारीचा. रात्रभर काही भेटत नाही आणि मग पहाटे एका खेपेला एकशे त्रेपन्न मोठे मासे. पास्टरांनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

मागून सोमाभाऊ म्हणाले, "एक हाय. ते एकशे त्रेपन्न मोजले कोनं?"

"म्हणजे?"

"मासे कोनी मोजते का भाऊ? तोलते. रातभर उपाशी मानूस, जाळं फाटाले आलं, अन् हे एकेक मासा मोजत बसले? मोजनारा नक्कीच मासेमार नसन. तो तुमच्या दानियलकाकासारखा कोनी असन."

अख्खा वर्ग लोळून हसला. पास्टर पुस्तक मिटून म्हणाले, "सोमाभाऊ, पुढच्या वर्षी हा पाठ तुम्हीच घ्या." आणि घेतला बरं का! जाळं हातात धरून घेतला. इतका समजलेला पाठ मी आजवर दुसरा ऐकला नाही.

*

आता डोळे-ड्यूटी. ही भानगड आमच्याशिवाय दुसऱ्या कोणत्या चर्चमध्ये असेल असं वाटत नाही.

आमच्या पास्टरांची जेवणाआधीची प्रार्थना लांब असते. पेरणाऱ्यापासून दळणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं नाव निघतं. एका वर्षी मी पहाटेपासून राबून सव्वाशे पुऱ्या तळल्या. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. "आमेन" म्हणून उघडले, तर टोपली रिकामी आणि समोरच्या झाडावर वानरांचं अख्खं कुटुंब पुऱ्या खात बसलेलं! लोणचं तेवढं सोडलं होतं. मी तिथेच बसून रडले, खोटं काऊन बोलू?

ते फाइलीत गेलं आणि काकांचा फतवा निघाला. कॅम्पात प्रार्थना चालू असताना एका माणसानं डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. आळीपाळीनं. वन्यप्राणी दिसला तर ओरडायचं नाही, पळायचं नाही, पळू द्यायचं नाही. नाव पडलं डोळे-ड्यूटी.

पहिली पाळी रोशनची. त्या दिवशी वानरं फिरकली नाहीत. पण "आमेन" झाल्यावर मी मोजलं, तर सहा पुऱ्या कमी!

*

आणि मग मागच्या हिवाळ्यातला कॅम्प.

कमिटीनं ठरवलं होतं, की यावेळी दानियलकाका स्वतः सोबत जातील, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. त्यांनी 'धोका' लिहिलं की कॅम्प बंद, कायमचा हॉल. भाजीत मीठ दोनदा पडलं. काका शिट्टी गळ्यात घालून फिरत आणि फाइलीत काहीबाही लिहीत. दोरी पाहिली, विळा पाहिला, माझा स्टोव्ह तर तीनदा पाहिला. पोरं इतकी शहाण्यासारखी वागली, की मलाच भीती वाटायला लागली.

शेवटच्या दिवशी सकाळी तळ्याच्या पाळीवर समारोपाची प्रार्थना. सगळे खाली बसले, तळ्याकडे पाठ करून. पास्टर पुढे. डोळे-ड्यूटीवर खुद्द काका, तोंड तळ्याकडे. प्रार्थना सुरू झाली.

आता माझी एक खोड कबूल करते. लहानपणापासून प्रार्थनेत माझा एक डोळा जरासा उघडा असतो. त्या डोळ्यानं मला आधी काकांचा चेहरा दिसला. पांढराफटक. शिट्टी ओठापर्यंत गेलेली आणि तिथेच थांबलेली. मी हळूच मान वळवली.

पलीकडच्या काठावर, बांबूच्या समोर, वाघ पाणी पीत होता.

माय वो! मधे अख्खं तळं होतं, पण वाघ तो वाघ. इकडच्या काठाला सोमाभाऊ गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभे. त्यांनीही पाहिलं होतं. काकांकडे बघून त्यांनी फक्त हात खाली दाबल्यासारखा केला. बसू द्या.

आणि नेमके पास्टर शेवटाला आले. "हे सर्व आम्ही येशूच्या नावानं मागतो..."

आता आमेन झालं की तेवीस जणं डोळे उघडणार. उघडले की ओरडणार, पळणार. त्यात रोशन, जो मुंग्यांना पाहूनच नाचला होता!

"पास्टर!" काका बोलले. "आजाऱ्यांसाठी राहिलं."

पास्टर क्षणभर अडखळले. अकरा वर्षं हाच माणूस त्यांच्या लांब प्रार्थनेत घड्याळावर टिचक्या मारत आला होता. पण केली बिचाऱ्यांनी. आजारी झाले. पुन्हा "येशूच्या नावानं..."

"विधवांसाठी!"

विधवा झाल्या. वाघ पीतच होता.

"परीक्षेला बसलेल्यांसाठी! खाणीत काम करणाऱ्यांसाठी! एसटीच्या ड्रायव्हरांसाठी, कंडक्टरांसाठी!" काकांचा आवाज कापत होता. पोरांना वाटलं, काकांना भरून आलं. दोघीतिघी तर मुसमुसायला लागल्या. "राजुऱ्याच्या लोकांसाठी! तेलंगणासाठी!"

तेलंगणा निम्मा झाला तेव्हा वाघानं मान वर केली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश बांबूत निघून गेला.

काकांनी घाम पुसला. "आता म्हणा आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडले. रोशन काकांकडे टक लावून म्हणाला, "काका, आज काय झालं तुम्हाले? आत्मा का मुंग्या?"

काकांनी सगळ्यांना घाईनं उठवून गावच्या शाळेच्या पटांगणात नेलं आणि गाडी येईपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. मी चहा दिला तर कप घेऊन बाजूला आले. हळूच मला म्हणाले, "शीला, केवढा सुंदर होता गं!" तेव्हा मला कळलं, की माझा उघडा डोळाही त्यांनी पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग. चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थांबले. निळी फाइल टेबलावर होती. अध्यक्ष म्हणाले, "हं, सेक्रेटरी, सांगा. जनावर वगैरे काही दिसलं का तुम्हाला?"

काकांनी फाइल उघडली. बंद केली. चष्मा काढून पुसला.

"तळ्यावर प्रार्थना चालू होती, अध्यक्षसाहेब," ते म्हणाले. "प्रार्थनेत माणसाला काय दिसणार? डोळे मिटलेले होते माझे!"