खर्जातली खरखर

माझ्या भावोजींनी अख्खी गिटार म्हणून कधी विकत घेतली नाही. कुणाकडून मान, कुणाकडून धड, तिसऱ्याच्या भंगारातून खुंट्या, अशी ती तुकड्यातुकड्यांनी घरात यायची. ताई म्हणायची, "लोकांकडे पाहुणे येतात, आमच्याकडे अवयव येतात." आणि तरी दार उघडून तीच ते पुडकं आत घ्यायची, दोरी सोडायची आणि विचारायची, "अहो, हे कुठे ठेवू?" मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा संसार मी रोज बघत आले आहे, आणि न विचारता मतंही देत आले आहे.

ही गिटार नेहमीची नव्हे, बेस गिटार. चार जाड तारा, लांबलचक मान आणि आवाज इतका खालचा की कानांआधी पायांना कळतो. गाण्यात ती वाजते आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण थांबली की गाणं पोकळ होतं. हे सगळं मला भावोजींनी समजावलेलं आहे, कारण माझं संगीताचं ज्ञान कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे कधी गेलं नाही. त्यांच्या बँडमधली मंडळी त्यांना 'खर्ज' म्हणायची. बोलायलाही ते तसेच, कमी आणि खालच्या पट्टीत. ताई आणि मी दोघी मिळून त्यांच्या वाटचंही बोलून घ्यायचो.

पोटापाण्याला ते वजनकाटे दुरुस्त करायचे. वाण्याचे काटे, गोदामातले काटे, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवतात ते काटे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की ते मालाकडे ढुंकून बघायचे नाहीत. "माल आहे तेवढाच असतो," ते म्हणायचे. "खोट असते ती काट्यात." मग काटा उघडायचा, स्प्रिंग बघायची, धूळ झटकायची, पुन्हा लावायचा. आयुष्यभर त्यांनी हेच केलं, आणि बहुतेक वेळा त्यांचं खरंही ठरलं. म्हणूनच तर पुढचा घोळ झाला.

गॅलरी बंद करून त्यांनी आपली कामाची खोली केली होती. तिथे एक माणूस बसला की दुसऱ्याने उभं राहायचं. भिंतीवर कानशी, करवती, गोंदाचे डबे. टेबलावर केसासारख्या बारीक तारेचं रीळ. तारांची थरथर पकडायला गिटारीच्या पोटात लोहचुंबक बसवतात आणि त्याभोवती ही तार हजारो वेढे गुंडाळतात. हाताने गुंडाळताना ती तुटायची, म्हणून त्यांनी ताईच्या शिवणयंत्राची मोटर काढून घेतली. "दोन दिवसांत परत लावतो," असं म्हणाले होते. ताई अजून हाताने चाक फिरवून शिवते.

जाड प्लायवूडचं स्पीकरचं खोकंही त्यांनी स्वतः ठोकून केलं. पहिल्यांदा वाजवलं त्या संध्याकाळी खालचे निवृत्त मुख्याध्यापक धापा टाकत वर आले. "भूकंप होता का तुम्ही होता?" भावोजींनी अपराधी चेहऱ्याने त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि खोक्याची जोडणी दाखवायला लागले. मुख्याध्यापक जाताना म्हणाले, "वाजवा, पण आधी बेल वाजवून सांगत जा, म्हणजे मी कपाटातल्या बश्या काढून ठेवीन." आणि भावोजी खरोखरच दर वेळी खाली जाऊन बेल वाजवून यायचे.

"आयती का नाही घेत एखादी?" मी एकदा विचारलं होतं. "वेळ वाचेल, घरात भुसा होणार नाही, ताई सुटेल."

"आयती म्हणजे दुसऱ्याचा चष्मा," ते म्हणाले. "दिसतं, पण डोकं दुखतं." एवढं लांब वाक्य बोलल्यावर ते दिवसभर गप्प होते.

दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात त्यांचा बँड वाजवायचा. ड्रमवर लाँड्रीवाला, गायला शाळेतल्या एक बाई, कीबोर्डवर विमा एजंट आणि कोपऱ्यात आमचे खर्ज. जेवणारी माणसं जेवत असायची, फारसं कुणी ऐकायचं नाही. पण त्या कोपऱ्यात उभे असताना भावोजींचा चेहरा बघायला हवा होता. आठवडाभर वाकलेली पाठ ताठ व्हायची. ते शनिवारसाठी जगत होते असं म्हटलं तर ताईला राग येईल, पण तिलाही ते माहीत होतं.

आणि मग तिसऱ्या तारेत खरखर सुरू झाली.

गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. पट्टीमागे तार दाबली की सूर निघतो. आता मधल्या पट्ट्यांवर तार दाबली की सुराबरोबर झरझर असा आवाज यायचा, डब्यात खडा अडकल्यासारखा. भावोजींनी तार बदलली. खरखर तशीच. पट्ट्या कानशीने घासल्या. चार दिवस बरं, पुन्हा तेच. मानेच्या पोटात एक सळई असते, ती पिळून मान सरळ केली. मग मानच वाकडी म्हणून मोडीत काढली आणि दुसरी आणली. खरखर दुसऱ्या मानेवरही आली, आणि तिसरी तार सोडून चौथीवरही गेली. त्यांच्या डोक्याला भुंगा लागला. जेवताना घास हातात धरून ते भिंतीकडे बघत बसायचे आणि एकदम उठून गॅलरीत जायचे.

त्याच सुमारास त्यांच्या हातून झाकणं निसटायला लागली. किल्ली डाव्या हाताने फिरेना. सदऱ्याची बटणं ताई लावून द्यायला लागली. "गिटारीने हात दमतो," ते म्हणायचे. "तारा उंच आहेत ना, फार दाबायला लागतं." म्हणून त्यांनी तारा खाली आणल्या. पण तारा खाली आणल्या की पट्ट्यांना घासतात आणि जास्तच खरखरतात. मग पुन्हा वर. वर नेल्या की बोटांना दाबवेनात. वर, खाली, वर, खाली. मी जिन्यावरून जाता येता बघायची आणि चिडायची. का चिडते आहे तेही मला धड कळत नव्हतं.

ताई त्यांना बळेबळे मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, सोबत मी. डॉक्टरांनी हातात सुया टोचून तपासण्या केल्या, अंगठ्याजवळ पडलेला खळगा दाबून बघितला. मग भावोजींना कपडे घालायला सांगून आम्हा दोघींना शेजारच्या खोलीत बोलावलं. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, म्हणाले. थांबवणारं औषध नाही. डाव्या हातापासून सुरुवात झाली आहे, पुढे... आणि त्यांनी फाईल मिटली.

"त्यांना इतक्यात सांगू नका," ताई म्हणाली. डॉक्टरांनी हो नाही करत ऐकलं. भावोजींना 'नस आखडली आहे' असं सांगण्यात आलं आणि दाबायला एक रबरी चेंडू देण्यात आला.

घरी आल्यावर मी ताईशी कडाकडा भांडले. "हात त्यांचा आहे. त्यांना कळायला नको?"

"कळल्यावर काय करतील ते?"

"म्हणजे?"

"तू सांग ना. कळलं, मग काय करतील? आत्ता निदान गॅलरीत जाऊन काहीतरी शोधत तरी बसतात." ती ओट्याला टेकून उभी होती. "मला दुसरं काही सुचत नाही गं. तुला सुचतंय का?"

मी भांडण कधी अर्धवट सोडत नाही. त्या दिवशी सोडलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. भावोजींनी बारीक तारा आणल्या. मग आखूड मानेची गिटार जोडायला घेतली, म्हणजे बोटांना कमी ताणावं लागेल. मग हलक्या लाकडाचं धड. प्रत्येक गिटार एका हातासाठी बेतलेली असायची, आणि ती तयार होईपर्यंत हात तो राहिलेला नसायचा. वाढत्या मुलाचे कपडे शिवावेत, पण उलटीकडून, तसं ते चाललं होतं. करवतीचं काम आता लाँड्रीवाला येऊन करून द्यायचा. डाव्या हाताला लाकूड धरवत नव्हतं. "चेंडू दाबता ना?" तो विचारायचा. "दाबतो," भावोजी म्हणायचे, आणि लाँड्रीवाला मान खाली घालून करवत चालवायचा.

कारण बँडलाही ताईने सांगितलं होतं. मी एका शनिवारी हॉटेलात जाऊन बसले तेव्हा माझ्यासारख्या ठार औरंगजेबालाही कळलं की काय चाललंय. विमा एजंट डाव्या हाताने कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर भावोजींचे सूर वाजवत होता, आणि भावोजींच्या खोक्याचा आवाज कुणीतरी हळूच कमी करून ठेवला होता. परत येताना रिक्षात भावोजी खुशीत होते. "ऐकलंस? आज खालचे सूर कसे भरून आले! नवीन तारांची कमाल आहे." मी म्हटलं, "ऐकलं." मला त्या विमा एजंटच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्याच्या दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या.

पण घरी, एकट्याने वाजवताना, खरखर होतीच. हॉटेलात नाही आणि घरात आहे, याचा अर्थ त्यांनी असा लावला की दोष बारीक आहे, कुठेतरी लपून बसला आहे, आणि तो सापडलाच पाहिजे.

रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "मेव्हणीबाई, जरा या इकडे. दोन हात कमी पडतायत."

गॅलरीत ते स्टुलावर बसले होते. आखूड मानेची नवी गिटार टेबलावर आडवी होती. त्यांच्या उजव्या हातात मोठा स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक लाकडावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, म्हणजे आतला आवाज नेमका कुठून येतो ते कळतं. पंपाचे मेकॅनिक असंच ऐकतात म्हणे. "मी ऐकतो," ते म्हणाले. "तू या पट्टीमागे तार दाब आणि दुसऱ्या हाताने छेड. बस्स."

मला गिटार येत नसली तरी एवढं कळत होतं की मी धडधाकट बोटाने तार दाबली तर ती स्वच्छ वाजेल. आणि ती स्वच्छ वाजली की हा माणूस, ज्याने जन्मभर काट्यातली खोट शोधली, त्याला कळायला क्षणही लागणार नाही.

"ताईला बोलवू का? मला कामं आहेत."

"तिचे हात ओले आहेत. एक मिनिटाचं काम आहे."

मी बोट तारेवर ठेवलं. नुसतं ठेवलं, दाबलं नाही. दुसऱ्या हाताने छेडलं. झर्रर्र.

"हां!" ते म्हणाले. डोळे मिटून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर थोडा पुढे सरकवला. "पुन्हा."

मी पुन्हा तसंच केलं. झर्रर्र. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठलीतरी गोष्ट वाईट व्हावी म्हणून इतक्या काळजीने करत होते. ते मानेवरून घोडीकडे, म्हणजे तारा धडावर टेकतात त्या पट्टीकडे गेले, घोडीवरून खुंट्यांकडे. प्रत्येक ठिकाणी कान लावून थांबत होते. कपाळावर घाम होता. डावा हात मांडीवर पडलेला होता, उताणा.

"नीट दाब गं," ते म्हणाले.

"दाबतेय की."

"जोर लाव."

"लावतेय!" माझा आवाज चढला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी उठून गेले असते.

त्यांनी डोळे उघडून माझ्या बोटाकडे बघितलं. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्या बोटावर ठेवून तो खाली दाबला. माझं बोट तारेत रुतलं. "आता छेड," ते म्हणाले.

मी छेडलं नाही.

"छेड ना."

मी छेडलं. सूर निघाला. भरलेला, गोल, लांब. टेबलावरचे स्क्रू थरथरले, माझ्या कोपरापर्यंत तो चढला. खरखरीचा मागमूस नव्हता.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तसाच. त्यांनी अंगठा दुसऱ्या पट्टीवर नेला, माझ्या बोटासकट. तिथेही स्वच्छ. तिसरीवरही. त्यांनी चौथी तार घेतली. एकेक पट्टी तपासत ते माझं बोट मानेवरून नेत होते, कामात कसूर न करता, आणि मी छेडत होते. मला काही दिसत नव्हतं. डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ताई धावत आली. हाताला साबणाचा फेस, पदर खोचलेला. कित्येक महिन्यांत या घरात असा सूर निघाला नव्हता. "जमलं?" ती दारातूनच म्हणाली. "अहो, जमलं की! बाहेरपर्यंत ऐकू आलं!" तिचं तोंड आनंदाने असं फुललं होतं की ती सुया टोचणाऱ्या डॉक्टरांना, त्यांच्या त्या अर्ध्या वाक्याला, सगळ्याला विसरली होती.

मग तिला तारेवरचं बोट दिसलं.

भावोजींनी अंगठा उचलला. "गिटार ठीक आहे गं," ते तिला म्हणाले. "तिच्यात काही नाही."