अल्बममधलं चौथं गाणं

आमच्या बँडला तीसेक वर्षं झाली. लोक ‘अजून वाजवता का?’ असं विचारतात, पण सूर ‘अजून आहात का?’ असा असतो. आम्ही वाजवतो ते प्रोग्रेसिव्ह रॉक. एकेक गाणं पंधरा मिनिटांचं, मध्येच ताल बदलणारं. संग्रामपूरला एका लग्नात आम्ही असंच एक सुरू केलं. एक पंगत उठली, दुसरी बसली, तरी गाणं चालूच. शेवटी नवरदेवाचा मामा येऊन म्हणाला, “हे कव्हा संपते भाऊ?”

आम्ही तिघंच. गाणारा वरवट बकालचा, गिटारही तोच वाजवतो आणि शेतीही बघतो. ड्रमर डोणगावचा, शाळामास्तर. कीबोर्डवर मी. मागच्या हिवाळ्यात आम्ही नवा अल्बम करायला घेतला. पन्नाशी उलटली तरी गुडघ्याला बाशिंग, असं माझी बायको म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं.

ड्रमरला कंपवात झाला होता. त्याच्या हातात चहाची कपबशी वाजायची आणि आम्ही भलतीकडे बघायचो. मशीनचे ड्रम लावले असते तर काम सोपं होतं, पण त्याच्याशिवाय अल्बम करायची कल्पना आम्हाला सहन होईना. मग गायकानं आणि मी त्याला न सांगता सगळ्या गाण्यांचा वेग कमी केला. आपण केवढी माया केली, असं मला वाटत होतं.

खामगावच्या स्टुडिओत पहिली तीन गाणी पार पडली. चौथ्याला त्यानं काठ्या खाली ठेवल्या.

“मयतीले चाल्ले का बे तुमी?”

गायक उगाच गिटारच्या खुंट्या पिळायला लागला.

“हात बिघडला माहा, कान नाही बिघडले. मले काऊन नाही विचारलं?”

“तुले तरास नको म्हणून,” गायक पुटपुटला.

“होऊ दे तरास. जसं हाय तसं वाजवा. अन् मी थांबलो त तुमी थांबू नोका.”

मला त्याचा रागच आला. एवढं सांभाळून घेतलं आणि वर हे ऐकायचं! पण मूळ वेगात सुरुवात केली, आणि तो असा काही वाजवायला लागला की माझा राग कुठल्या कुठे गेला. सात मात्रांचा ताल, लग्नात मामाला वैताग आणणारा, तोच. गाणं निम्म्यावर आलं तेव्हा त्याच्या डाव्या हातातली काठी निसटली. एकट्या उजव्या हातानं त्यानं थोडं रेटलं आणि थांबला. मी पण थांबणार, तेवढ्यात त्यानं डोळे वटारले. गाणं आम्ही दोघांनी शेवटपर्यंत नेलं.

उरलेले ड्रम मशीननं भरता येतील, असं ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला. आम्ही ड्रमरकडे बघितलं. तो म्हणाला, “मी आहो तिथपर्यंतच राहू द्या.”

अल्बम आता लोक ऐकतात. चौथ्या गाण्यात ड्रम मध्येच गायब होतात, काही बिघाड आहे का, असं बरेच जण विचारतात. मी सांगतो, तो कुठंही गेलेला नाही. काठी मांडीवर ठेवून तो आमच्याकडे बघत बसलाय, आणि त्यानं बजावलंय म्हणून आम्ही वाजवतोय.