जाकड आणलेला कॉम्प्युटर

बन्सीधरराव बैलांचे हेडी होते. हेडी म्हणजे बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधला माणूस. ताडकळसच्या बाजारात त्यांनी पस्तीस वर्षं बैल बघितले. ते साठीचे आणि मी चोवीसचा, तरी आमची दोस्ती होती. त्यांच्या घरातला कॉम्प्युटर इंग्रजी बोलायचा. गावात इंग्रजी वाचणारे होते ते कामावर जायचे. मी मराठीत एम.ए. करून रिकामा होतो. त्यामुळं त्यांनी मला धरलं.

कॉम्प्युटर त्यांनी ठरवून घेतला नव्हता. सेलूकडची एक जिनिंग बंद पडली आणि तिच्या सामानाची हर्रास निघाली. बन्सीधररावांनी लोखंडी कपाटावर बोली लावली. कपाटाबरोबर एक टेबल, दोन पंखे आणि हा कॉम्प्युटर आला. कपाट दारातून आत जाईना. ते ओसरीवरच राहिलं. कॉम्प्युटर आत गेला.

जिनिंगचे जुने कारकून तात्याराव दोन दिवस येऊन शिकवून गेले. यंत्रात एकच प्रोग्राम होता, कापसाच्या गाड्यांच्या नोंदीचा. शेतकऱ्याचं नाव, गाव, कापसाची प्रत, ओल. बन्सीधररावांनी त्यातच बैल घालायला सुरुवात केली. ओल या रकान्यात बैलाचे दात. प्रत या रकान्यात बैलाची खोड. इंग्रजी अक्षरं त्यांना रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवरून येत होती. त्या अक्षरांत ते मराठी लिहायचे. मी ती यादी पहिल्यांदा वाचली आणि लगेच पुन्हा वाचली. प्रत: बसतो. प्रत: पाण्याला भितो. प्रत: बाईमाणसाला मारत नाही. प्रत: मालकापेक्षा शहाणा.

तीन वर्षांत अठराशे बैल झाले. आठवतील तेवढे जुनेही त्यांनी आत घातले.

हेडी जबानीवर जगतो. एखादा बैल गरीब आहे असं बन्सीधरराव म्हणाले की घेणारा पुढं काही विचारत नसे. पण अलीकडं त्यांना आठवेनासं झालं होतं. बैल दिसला की आपण याला ओळखतो एवढं कळायचं, पुढचं निसटायचं. मग ते घरी येऊन यंत्राला विचारायचे. हे मला ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, नर्मदाबाईंना ठाऊक होतं. बाजाराला कळलं असतं तर पस्तीस वर्षं एका दिवसात गेली असती.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात यंत्र बसायला लागलं. आतून जात्यासारखा आवाज यायचा. एक बैल शोधायला तीन-चार मिनिटं लागायची. परभणीहून सिताराम नावाच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली आणि दोन वाटा सांगितल्या. एक तर आतला मुख्य बोर्ड बदलू, डिस्क आणि स्क्रीन जुनीच ठेवू. नाही तर सगळाच नवा घ्या, जुना मी बदलीत नेतो.

बन्सीधररावांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. त्याच्या पाठीवर थाप मारली. नव्या बोर्डाची ओढ केवढी, असं त्यांनी विचारलं. सिताराम म्हणाला, जुन्याच्या वीसपट.

"मग न्हाई जमायचं. नव्याच्या जोडीला जुना जुंपला की जुन्याचं खांदं सुजतंय. ही डिस्क म्हणतोस ती म्हातारी हाय."

सितारामनं माझ्याकडं बघितलं. मी कपाटाकडं बघितलं.

नर्मदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "माझे बी दात पडायलेत," त्या म्हणाल्या. "मला कवा बदलायचं ते बी इचारून घ्या त्याला."

"नगं बाई. माझंच खांदं सुजंल."

तर सगळा नवाच घ्यायचं ठरलं, पण जाकड. बैल जाकड नेतात तसा. आठ दिवस घरी ठेवायचा, कामाला लावून बघायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर परत. तोवर जुना सितारामकडं. सिताराम लगेच हो म्हणाला. कॉम्प्युटर कोण परत करतं?

दोन दिवसांनी तो टेम्पो घेऊन आला. नर्मदाबाईंनी जुन्या यंत्राला हळदकुंकू लावलं. सिताराम टेम्पोत पोती अंथरत होता तेवढ्यात बन्सीधररावांनी कीबोर्ड सोडवून घेतला आणि आतल्या खोलीत खुंटीला टांगला. मी विचारलं. बैल विकला तरी दावं देत नसतात, ते म्हणाले. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते. कीबोर्डाची तार वेटोळ्याची होती. टांगल्यावर ती दाव्यासारखीच दिसत होती. 

नव्याची स्क्रीन रंगीत होती. त्यात प्रोग्राम बरेच होते, मोटारींची शर्यत होती. बैल नव्हते. यादी जुन्यातून काढून नव्यात घालावी लागते हे सितारामला वाटलं आम्हाला ठाऊक असेल. बन्सीधररावांना वाटलं, नवं जनावर दोन दिवसांत जुन्याच्या वाटेनं चालायला लागतं. त्यांनी दोन दिवस वाट बघितली. मीही बघितली. साहित्यात याबद्दल काही शिकवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी कडूबाई आली. तिला चार एकर रान होतं, नवरा नव्हता, औत ती स्वतः धरायची. आदल्या वर्षी दुसऱ्या एका दलालाच्या शब्दावर तिनं बैल घेतला आणि त्यानं लाथेनं तिचं मनगट मोडलं. ते अजून नीट वळत नव्हतं. उद्याच्या बाजारात पिंगळीच्या भुजंगचा बांडा बैल येणार होता, दोन रंगांचा, डावं शिंग तुटलेला. तिच्या घरच्या बैलाला तो जोडीला बसला असता.

"दादा, तुमी हो म्हणलात तर घेते. न्हाई म्हणलात तर कोळपं मीच ओढीन. पर पुन्यांदा लाथ न्हाई खायची मला."

सकाळी सांगतो, बन्सीधरराव म्हणाले. ती गेल्यावर ते नव्या स्क्रीनसमोर बसले. बांडा आपल्याच हातून भुजंगकडं गेला होता, एवढं त्यांना आठवत होतं. त्यात काहीतरी होतं, तेही आठवत होतं. काय होतं ते नाही. हो म्हणावं तर बाईचा दुसरा हात जायचा. नाही म्हणावं तर चांगला बैल हातचा जायचा. आणि ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना पस्तीस वर्षांत सवय नव्हती.

जुन्यालाच विचारायला आम्ही लगेच एस.टी. पकडली. विद्यापीठाच्या नामांतरावरून ती कधी बंद होईल याचा त्या दिवसांत नेम नसायचा, म्हणून मिळाली ती गाडी घेतली आणि दारात उभं राहून परभणी गाठली. बन्सीधररावांच्या काखेत पिशवी होती.

सिताराम वैतागलेला होता. त्याला जुनं यंत्र पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, पण ते चालू होत नव्हतं. कीबोर्ड नाही म्हणून अडून बसलं होतं. त्यानं दुकानातले तीन कीबोर्ड लावून बघितले. पिन बसायची, यंत्र हलायचं नाही. एवढ्या जुन्या जातीला त्याच जातीचा कीबोर्ड लागतो आणि तो आता औरंगाबादेतही मिळेना. बन्सीधररावांना याचं नवल वाटलं नाही. त्यांनी पिशवीतून कीबोर्ड काढला. जनावर बघायला निघालं की दावं बरोबर असावं, म्हणाले.

सितारामनं तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मी त्याचा त्रास ओळखू शकत होतो.

यंत्र चालू झालं. यादी शाबूत होती. सितारामनं ती फ्लॉपीवर उतरवायला घेतली, त्यात तास गेला. मग दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरात घातली आणि म्हणाला, विचारा आता. बन्सीधररावांनी एकेक अक्षर शोधून भुजंग, पिंगळी असं लिहिलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं. ओल: चार. प्रत: लाथ.

"बघितलं?" सिताराम म्हणाला.

बन्सीधररावांचा चेहरा उतरला. लाथ, हे ते दोनदा स्वतःशी म्हणाले. आणखी काहीतरी होतं, म्हणाले, एवढंच नव्हतं. मग ते उठले आणि जुन्यासमोर जाऊन बसले. तेच नाव लिहिलं. आत जातं फिरायला लागलं. हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. त्यांनी तंबाखू मळली, दाढेत धरली, डोळे मिटले. सितारामनं घड्याळ बघितलं. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"त्याला वासरू असताना गाडीचं चाक घासलं होतं," बन्सीधरराव डोळे न उघडता म्हणाले. "डाव्या बरगडीला. डावीकडून माणूस आलं की मारतंय. उजवीकडं जुंपला की डाव्या अंगाला जोडीचा बैल येतो. मग माणूस येतंय कुठून? उजवीकडनं गेलं तर हात चाटतंय ते."

त्यानंतर स्क्रीनवर अक्षरं आली. प्रत: लाथ.

दोन्ही यंत्रांनी एकच सांगितलं, हे सितारामनं दाखवून दिलं.

"सांगितलं एकच. पर ह्यानं सांगायला वेळ लावला. तेवढ्यात मला आठवलं. तुझा नवा मला आठवूच देईना."

जाकडाचे आठ दिवस संपले नव्हते. सितारामला शब्द पाळावा लागला. नवा तो उद्या येऊन नेणार होता. जुना आम्ही एस.टी.त मांडीवर घेऊन आणायचा होता. निघताना त्यानं निदान डिस्क तरी बदलू द्या, अशी विनंती केली, ती आज ना उद्या मरणार आहे. बन्सीधररावांनी विचारलं, तिनं वेग वाढेल का? थोडा वाढेल, सिताराम म्हणाला. मग नको, म्हणाले. मी फ्लॉप्या मागून घेतल्या आणि सदऱ्याच्या आत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी कडूबाईला सगळं सांगितलं. ती मुद्दाम बांड्याच्या डाव्या अंगाला चार हातांवर उभी राहिली. त्याचा मागचा पाय उचलला. मग ती वळसा घालून उजवीकडून गेली आणि मोडलेलं मनगट त्याच्या तोंडापुढं धरलं. बैलानं ते चाटलं. तिनं बैल घेतला. भुजंगनं दावं सोडून ठेवून घेतलं. तिनं आपलं आणलं होतं.

संध्याकाळी बन्सीधररावांनी नोंद केली. मालक: कडूबाई. प्रत: लाथ. रकान्यात अजून जागा होती. मी म्हणालो, फक्त डावीकडून, एवढं लिहा.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ते मी सांगीन."

यंत्र नोंद आत घ्यायला लागलं. ते संपेपर्यंत आम्ही चहा घेतला.