माझ्या मायची झटपट वाकळ

वाकळ झटपट होते असं जो म्हणतो, त्यानं आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नसतो. माझे काका त्यातलेच होते.

वडील गेल्यावर घरात काकांचाच शब्द चालायचा. आमचं गाव संतपूरजवळ. मी नववीत होते, हायस्कुलात रोज चालत जात होते, आणि काकांनी चिटगुप्प्याकडचं एक स्थळ पक्कं करून टाकलं. मला विचारलं नाही, मायला तर नाहीच. माय भांडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "भावजी, पोरीसंगं वाकळ तर द्यावी लागंल. झटपट शिवते."

"किती दिवस?"

"लईत लई पंधरा."

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की आईच्या हातची वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, सोबत जायलाच हवी. नाही तर पोरीला उघडी धाडली म्हणून दोन्हीकडचे लोक नावं ठेवतात. काकांना नावं ठेवून घ्यायची नव्हती. ते हो म्हणाले आणि तिथंच फसले.

जुनेरं गोळा करण्यातच दोन महिने गेले. करजगीच्या मावशीचं लुगडं आल्याशिवाय माय सुरुवातच करीना, आणि करजगी काही शेजारी नव्हती. मग धुणं, वाळवणं, पट्ट्या फाडणं. मग पाऊस लागला. दमट कापड शिवलं तर वास मारतो म्हणून सगळं उतरंडीवर ठेवलं. मग खुरपणी आली, तुरी आल्या. रोजानं जाणाऱ्या बाईला शिवायला सुट्टीच्या दिवसाची दुपार तेवढी मिळते, हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं.

वाकळ आम्ही कडेनं शिवायला घेतो. बोटाबोटाच्या अंतरानं धावदोऱ्याच्या रांगा घालत, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यायचं. त्यामुळं पुरुषांना एकच गोष्ट कळते, मधली मोकळी जागा. काका येता-जाता तिच्यावर नजर ठेवून असत. "आता परातीएवढीच राह्यली की," असं ते म्हणाले, की पुढच्या सुट्टीला माय ओसरीवर बसून चार रांगा उसवायची. चोरून नाही, भर दुपारी, त्यांच्या डोळ्यांसमोर.

"उसवायलाव कामून, वैनी?"

"टाके आवळलेत भावजी. अशी धाडली तर तिकडच्या बायका हसतील."

काका मान डोलावून तंबाखू मळत बसायचे. मी पुस्तकाआड तोंड लपवून हसायची. माय मात्र हसत नसे. आमच्या वस्तीवर सभा व्हायच्या, पोरींना शिकवा म्हणून बाहेरगावचे लोक बोलून जायचे, टाळ्या पडायच्या. काकाही टाळ्या वाजवायचे. मायनं टाळ्या वाजवल्या नाहीत, तिनं ते ऐकून घेतलं आणि खरं धरलं.

मी दहावीत गेले. परीक्षा चार महिन्यांवर आली, आणि काकांचा धीर सुटला. त्यांनी मुलाच्या आईलाच बोलावून आणलं. बाईमाणसाला कळेल, वाकळीला अजून किती दिवस लागतात ते, असं ते म्हणाले.

ती बाई काळीसावळी, हाडकुळी. चहा घेतला, पदराला हात पुसले आणि वाकळ मांडीवर ओढली. आधी वरून पाहिली, मग उलटी केली. अंगठा रांगेवरून फिरवत आत आत गेली आणि मधे थांबली. उसवलेल्या टाक्यांची भोकं कापडात राहतात. धुतल्याशिवाय ती बुजत नाहीत. ज्यानं शिवलंय त्याला ती लगेच सापडतात. मायचा चेहरा उतरला. ती घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"किती दिवसांचं काम हाय?" काकांनी विचारलं.

बाईनं मान वर केली. माझ्याकडं बघून म्हणाली, "कितवीला हायेस ग?"

"दहावीला."

"परीक्षा कवा?"

मी सांगितलं. तिनं वाकळीची नीट घडी घातली आणि मायच्या मांडीवर ठेवली. "दादा," ती काकांना म्हणाली, "झटपटीची वाकळ हाय. हिला अजून वरीसभर लागंल." मग आवाज खाली आणून मायला म्हणाली, "निवांत शिव अक्का. माझी माय लई चपळ व्हती. आठ दिवसांत शिवून दिली. मी चौथीला व्हते."

मी पास झाले. बीदरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा मायनं वाकळ माझ्या वळकटीत बांधली. मधली परातीएवढी जागा तशीच उघडी होती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "कुणी इचारलं तर सांग, काम चालू हाय." अजूनही कुणी विचारलं तर मी तेच सांगते.

ती बाई मनानं कितीही मोठी असली, तरी तिच्या घरात शब्द तिचा नव्हता. तिच्या नवऱ्याला वर्षभर थांबायचं नव्हतं. माझ्या दहावीच्या परीक्षेच्याच उन्हाळ्यात त्यांनी मुलाचं लग्न दुसऱ्या मुलीशी लावलं. ती मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती. तिची वाकळ किती दिवसांत झाली, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.